घरच्या घरी मेणबत्ती: म्हापशातल्या प्रकल्प नोंदी

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, म्हणून सामानाची सुरुवात आजच केली. आधी काय करायचंय ते लिहून ठेवते. दिवाळीसाठी मेण भरलेल्या पणत्या, २ नोव्हेंबरला (ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस) शेजारची आंटी तिच्या नवऱ्याच्या कबरीवर लावते त्या मेणबत्त्या, आणि नाताळाच्या आत काचेच्या जारमधली एक सुगंधी मेणबत्ती, जी शेवटपर्यंत धूर न करता जळेल. बाहेरून तिन्ही सारख्याच वाटतात पण मेण वेगळं, वात वेगळी, भांडं वेगळं, त्यामुळे एकाच कृतीत तिन्ही बसवायचा हट्ट नको.

आणलं ते असं: पॅराफिन वॅक्सची लादी, ५८-६० डिग्रीला वितळणारी, ही सगळीकडे सहज मिळते. विणलेली सुती वात, बारीक, मध्यम, जाड अशा तीन जाडीत. वातीच्या बुडाला लावायच्या पत्र्याच्या टिकल्या. घरात १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा होताच, थर्मामीटर मात्र नवीन घेतला आणि ज्याला कुणाला हे शिकायचंय त्याने रंग, वास, साचे यातलं काही घेण्याआधी थर्मामीटर घ्यावा असं मी ठामपणे सांगेन, कारण मेण बघून ते ७० डिग्रीवर आहे की ९५ वर हे डोळ्यांना अजिबात कळत नाही, दोन्ही वेळी ते पाण्यासारखं नितळच दिसतं.

जार म्हणून जाड काचेच्या सारख्या मापाच्या बरण्या जमवल्यात, आतून ७ सेंटिमीटर रुंद. पातळ काचेचे पाणी प्यायचे ग्लास घेतले नाहीत, ते उष्णतेने तडकतात आणि तडकलेल्या ग्लासातून पेटतं मेण टेबलावर आलं तर काय होईल ते सांगायला नको.

१३ सप्टेंबर

आज फक्त वितळवणं. भाची आली होती, तिला सगळ्याची घाई, पण पहिला तासभर आम्ही आग या विषयावरच बोललो.

मेण थेट गॅसवर ठेवायचं नाही. मोठ्या टोपात पाणी, त्यात तळाला एक स्टीलची रिंग, त्यावर मेणाचं भांडं. कारण साधं आहे, पाणी १०० डिग्रीच्या वर जात नाही त्यामुळे त्यात बसलेलं मेणही त्याच्या वर जात नाही. पॅराफिनची वाफ पेट घेण्याइतकी गरम व्हायला साधारण २०० डिग्री लागतात, थेट आचेवर विसरलेलं भांडं तिथपर्यंत पोचू शकतं, पाण्यातलं पोचत नाही. फक्त टोपातलं पाणी आटू द्यायचं नाही, मध्ये मध्ये बघून गरम पाणी घालायचं.

आणि मेण पेटलंच तर पाणी टाकायचं नाही. हे भाचीकडून मी मोठ्याने म्हणवून घेतलं. पाणी जड, ते तळाला जातं, क्षणात वाफ होते आणि पेटलेलं मेण घेऊन वर उसळतं. गॅस बंद, भांड्यावर झाकण, आणि भांडं उचलून कुठे न्यायचं नाही. म्हणून मेणाच्या भांड्यावर बसेल असं झाकण ओट्यावर हाताशी ठेवूनच काम सुरू करायचं, शोधायला जायला लागता कामा नये.

अजून एक, आपल्याकडच्या हवेचं. बाहेर पाऊस पडतोय, भांडी पुसून ठेवली तरी आतून दमट राहतात. मेणात पाण्याचा थेंब राहिला की गरम होताना चरचर उडतो आणि पुढे वातीत शिरला तर ज्योत तडतडत राहते. म्हणून भांडं, ढवळायचा चमचा, बरण्या सगळं कोरड्या फडक्याने पुसून मंद आचेवर किंवा उन्हात (असलं तर) कोरडं केलं. वातीचं बंडलसुद्धा तांदळाच्या डब्यात ठेवलंय.

मेण किती लागेल याचा हिशोब: बरणीत जिथपर्यंत भरायचं तिथपर्यंत पाणी ओतून ते पाणी मोजलं, १८० ग्रॅम. मेण पाण्यापेक्षा हलकं म्हणून त्याला ०.८६ ने गुणलं, साधारण १५५ ग्रॅम. एका बरणीला एवढं पुरतं.

वात आधी वितळलेल्या मेणात बुडवून, सरळ ताणून वाळवली, टिकलीत अडकवली, टिकली बरणीच्या तळाला चिकटवली, वर दोन आइस्क्रीमच्या काड्यांमध्ये वात मधोमध पकडून ठेवली. ७५ डिग्रीला ओतलं. बरणी हाताला कोमट लागेल इतकी आधी गरम केली होती. पंखा बंद.

१४ सप्टेंबर

सकाळी बघितलं तर वातीभोवती खड्डा, अंगठा जाईल एवढा. भाचीचा चेहरा पडला, पण हे व्हायचंच होतं. पॅराफिन घट्ट होताना आकसतं, कडेचं आणि वरचं आधी गोठतं आणि मधलं सगळ्यात शेवटी, त्यामुळे आकसण्याची जागा मध्येच पडते. कधी कधी वरून काही दिसत नाही आणि आत पोकळी असते, म्हणून मेण अर्धवट घट्ट असताना वातीच्या बाजूला काडीने दोन-तीन भोकं पाडायची आणि थोडं मेण राखून ठेवून ते दुसऱ्यांदा ओतायचं. दुसरं ओतलेलं थोडं जास्त गरम हवं, ८० च्या आसपास, म्हणजे खालच्या थराशी एकजीव होतं.

राखून ठेवलेलं मेण ओतलं, दुपारपर्यंत वरचा भाग सपाट.

भांडी धुण्याबद्दल: मेण सिंकमध्ये नाही जाऊ द्यायचं, पाइपात गोठतं. भांडं गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यायचं, मग साबण.

२० सप्टेंबर

वातीचा दिवस. मला विचाराल तर सगळी मेणबत्ती इथेच आहे आणि नवीन माणसं नेमकी इथेच सगळ्यात कमी वेळ देतात, वास आणि रंग निवडण्यात संध्याकाळ जाते आणि वात मात्र जी हाताला लागेल ती.

आधी ती जळते कशी ते. वात जळत नाही, म्हणजे जळते थोडी पण जळण वातीचं नाही. ज्योतीच्या उष्णतेने वरचं मेण वितळतं, ते पातळ मेण वातीतून वर चढतं, ज्योतीत पोचून त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. भाचीला हे खरं वाटेना तेव्हा ज्योत विझवली आणि वातीतून जी पांढरी रेघ वर जाते ना, तिला वातीपासून जरा वरच पेटलेली काडी लावली, ज्योत त्या रेघेतून खाली उडी मारून वातीवर आली. ती पांढरी रेघ म्हणजे मेणाचीच वाफ, हवेत थंड होत असलेली. मायकेल फॅरेडे या इंग्लिश शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६०-६१ च्या नाताळात मुलांसमोर फक्त मेणबत्ती या एका विषयावर व्याख्यानांची मालिका दिली होती, आणि हा प्रयोग करून बघितला की कळतं की एवढ्याशा वस्तूत तेवढं सांगण्यासारखं खरंच आहे. भाचीने तो इतक्यांदा केला की काडेपेटी संपली.

तर वात म्हणजे पाइप. पाइप बारीक तर मेण कमी, जाड तर जास्त.

आजची टेस्ट: सारख्या बरण्या, तेच मेण, तेवढंच वजन, बदल फक्त वातीच्या जाडीचा. तिन्ही एकदम लावल्या, दर तासाला बघून लिहिलं.

बारीक वात: पहिल्या तासात ज्योत छान, छोटी. नंतर फक्त मधलंच मेण वितळत गेलं आणि कडेला भिंत तशीच उभी, विहीर खणल्यासारखी. तिसऱ्या तासात ज्योत स्वतःच्याच मेणात बुडायला लागली, मटकन लहान झाली. अशी मेणबत्ती अर्धी वाया जाते.

जाड वात: तासाभरातच कडेपर्यंत मेण पातळ, बघायला एकदम भारी वाटतं. पण ज्योत उंच आणि नाचरी, टोकाला काळा धूर, वर पांढरी बशी धरली तर काजळीचा गोल उठला. वातीच्या टोकावर काजळीचा गोळा जमला, अळंबीसारखा. आणि बरणी हातात धरवेना. काचेला हात लावून बघणं हीसुद्धा टेस्टच आहे, काच इतकी तापली की वात बदलायची, बाकी काही बघायचं नाही.

मध्यम वात: ज्योत स्थिर, धूर नाही, मेण कडेच्या जवळ गेलं पण ३ तासांत पूर्ण पोचलं नाही, बोटभर रिंग उरली. म्हणजे वात जवळजवळ बरोबर आहे आणि मेण जास्त कडक आहे. ५८-६० ची लादी खांबासारख्या उभ्या मेणबत्तीला योग्य, जारला जरा मऊ मेण हवं. जारमधलं मेण उभं राहायची गरजच नसते, काच धरून ठेवते.

ढोबळ नियम असा की रुंदीच्या दर अडीच सेंटिमीटरला एक तास, म्हणजे ७ सेंटिमीटरच्या जारला पावणेतीन-तीन तासांत मेण कडेपर्यंत पातळ व्हायला हवं, खोली एक सेंटिमीटरपर्यंत. आणि पहिल्यांदा लावताना तेवढा वेळ द्यायचाच, अर्ध्या तासात विझवली तर पुढच्या वेळी मेण त्याच छोट्या वर्तुळातून खाली जायला लागतं. पण सलग ४ तासांच्या वर नाही.

२३ सप्टेंबर

आज नवरात्राच्या गडबडीत असूनही आईंनी (सासूबाई) विचारलं की एवढ्या विकतच्या वाती कशाला, मी वळून देते की. त्या समईच्या वाती इतक्या एकसारख्या वळतात की बघत राहावं. म्हणून त्यांच्या हातची एक लांब वात मेणात बुडवून, ताठ करून, टिकलीत बसवून बघितली.

पेटली, पण मेण पातळ झाल्यावर वात वाकून आडवी झाली आणि ज्योत मोठी, धुरकट. समईत ही वात उत्तम चालते कारण तिथे तेल आधीच पातळ असतं, वात आडवी टेकलेली असते, आणि काजळी धरली की आपण ती पुढे सारतो, टोक झाडतो. मेणबत्तीत वात एकटी उभी राहते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही, तिने स्वतःलाच आवरायला हवं.

युरोपातसुद्धा पूर्वी पिळाच्या वाती होत्या आणि त्यांची टोकं सारखी कात्रीने कापत बसावं लागायचं. १८२५ मध्ये कांबासेरेस नावाच्या फ्रेंच माणसाने विणलेली वात आणली. विणीच्या ताणामुळे ती जळताना एका बाजूला किंचित वळते, टोक ज्योतीच्या बाहेरच्या सगळ्यात गरम भागात येतं आणि तिथे जळून राख होतं. पुढे वातीला बोरिक अॅसिडसारख्या रसायनांत भिजवायला लागले. आईंना वळलेलं टोक जवळून दाखवलं, त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे डोकं चांगलं चालवलंय हं."

तरी दर वेळी लावायच्या आधी वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापायची. विणलेली असली तरी.

२८ सप्टेंबर

वास. भाचीने इतके दिवस धीर धरला हेच खूप.

मेणबत्तीसाठीचं सुगंधी तेल वेगळं मिळतं, तेच घ्यायचं. अंगाला मारायचा परफ्यूम चालत नाही, त्यात अल्कोहोल असतं, ते मेणात मिसळत नाही आणि पेट घेतं. प्रमाण मेणाच्या वजनाच्या ६ टक्के, म्हणजे १५० ग्रॅम मेणाला ९ ग्रॅम. जास्त घातलं म्हणजे जास्त वास असं होत नाही, मेण ठराविकच तेल धरून ठेवतं, उरलेलं वर थेंब होऊन घाम आल्यासारखं दिसतं आणि वात तुंबवतं. चमच्याने मोजायचं नाही, काट्यावर.

घालायची वेळ ७० ते ७५ डिग्री, मग दोन मिनिटं हळू ढवळायचं, फेटायचं नाही.

आम्ही मोगरा आणि गवती चहा घेतला. मोगरा गार असताना बरणी उघडली की मस्त, पेटल्यावर अगदी मंद. गवती चहा उलट, खोलीत लवकर भरतो. माझं मत गवती चहाच, पावसाळी कोंदट घरात तोच बरा वाटतो. सिट्रोनेला मुद्दाम घेतला नाही, डासांसाठी त्याच्या मेणबत्तीवर विसंबून राहण्यात अर्थ नाही, जाळी आणि मच्छरदाणी बरी.

वाळलेली अबोली वरून लावायची भाचीची कल्पना होती. नाही म्हटलं. सुकी फुलं म्हणजे सुकं जळण, मेण पातळ झालं की तरंगत वातीकडे जातात आणि दुसरी वात होऊन पेटतात. फुलं बरणीच्या बाहेर, दोऱ्यात. रंगाचंही तसंच, हळद-कुंकू किंवा मेणाचे खडू घालू नयेत, पूड तळाला बसते आणि वातीत अडकते. तेलात पूर्ण विरघळणारा मेणबत्तीचा रंग मिळतो, हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो.

५ ऑक्टोबर

पणत्या आणि करवंट्या.

दिवाळीच्या पणत्या आपण आदल्या रात्री पाण्यात भिजवतो म्हणजे त्या तेल पीत नाहीत. मेणाला हे उलटं. भिजलेल्या पणतीत गरम मेण ओतलं तर तडतडतं. कोरडी पणती मात्र मेण पिते, पेटल्यावर पातळ मेण मातीतून झिरपून खाली तेलकट डाग पडतो. सोप्याच्या लाल कोब्यावर तो डाग जाता जात नाही. उपाय सोपा, पणती उन्हात कडकडीत वाळवायची, आतून मेणाचा पातळ हात द्यायचा, तो गोठला की मग भरायची, आणि लावताना खाली ताटली. त्यात ५८-६० चं मेण आणि बारीक वात छान चालते कारण पणती उथळ आणि लहान.

करवंटीतल्या मेणबत्त्या गोव्यात पर्यटकांसाठी खूप दिसतात आणि दिसतातही सुंदर. घरी नारळ रोजच फुटतो त्यामुळे करवंट्यांची कमी नाही. एक घासून, पुसून, भरून, अंगणात वाळूची बादली बाजूला ठेवून शेवटपर्यंत जाळली. सुरुवातीला काहीच नाही. मेण खाली गेल्यावर ज्योत करवंटीच्या भिंतीजवळ आली, कडेचा एक काथ्याचा धागा पेटला आणि कड काळी पडली. करवंटी हे स्वतःच उत्तम सरपण आहे, आपण चुलीत तेच घालतो. त्यात मेण मुरलेलं. नवशिक्याने थेट करवंटीत ओतू नये असं मला वाटतं. त्याऐवजी करवंटीत वाळू भरून मध्ये टीलाइटची (छोट्या, चपट्या मेणबत्तीची) अॅल्युमिनियमची वाटी बसवली. तीच शोभा, ज्योत पत्र्यात.

११ ऑक्टोबर

आज मन लावून एक प्रयोग केला जो कुणी सांगितला नव्हता. भिरंडेल.

कोकमाच्या बियांचं तेल, इथे घट्ट गोळ्यांच्या रूपात मिळतं, टाचांच्या भेगांना आमच्या घरी दर थंडीत तेच. साधारण ४० डिग्रीला वितळतं म्हणून गोव्याच्या उकाड्यातही घट्ट राहतं. खोबरेल बघा, २४-२५ ला वितळतं, डिसेंबरातली एखादी पहाट सोडली तर बाटलीत पातळच, त्याची एकट्याची मेणबत्ती इथे उभी राहूच शकत नाही.

भिरंडेलात स्टिअरिक अॅसिड भरपूर, त्याच्या मेदाम्लांत (तेल-चरबी ज्या आम्लांपासून बनते त्यांत) जवळजवळ निम्मं किंवा त्याहून जास्त. आणि मेणबत्तीच्या इतिहासात स्टिअरिकला मोठा मान आहे. युरोपात साधी माणसं चरबीच्या मेणबत्त्या जाळायची, मऊ, वासट, धुरकट. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीतली ही आम्लं वेगळी करून दाखवली आणि १८२५ मध्ये गे-ल्युसॅकबरोबर त्यांच्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं, त्या कडक होत्या आणि स्वच्छ जळायच्या. आजही पॅराफिन कडक आणि दुधाळ करायला थोडं स्टिअरिक घालतात.

म्हणून ९० ग्रॅम पॅराफिन, १० ग्रॅम भिरंडेल. गोठल्यावर रंग सुरेख, सायीसारखा, पॅराफिनचा तो अर्धपारदर्शक निळसर भाव गेला. पण कडक नाही झालं, नखाने दाबलं तर साध्या पॅराफिनपेक्षा मऊच. रात्री विचार केल्यावर कारण लक्षात आलं. शेव्रलने आम्ल सुटं केलं होतं, भिरंडेलात ते ग्लिसरॉलला बांधलेलं आहे, म्हणजे ते अजून तेलच आहे. नुसतं तेल मिसळून सुट्या आम्लाचं काम होत नाही. ज्योतही जरा लहान झाली, वनस्पती तेलं वातीतून जड चढतात.

पण मऊ झालं हे जारसाठी वाईट कुठे आहे? २० सप्टेंबरची ती कडेची रिंग आठवली. मध्यम वात आणि हे मिश्रण जारमध्ये ओतून ठेवलंय.

१२ ऑक्टोबर

३ तासांत कडेपर्यंत. पण भिरंडेल जाळून टाकायला फार महाग आणि टाचांना जास्त उपयोगी, त्यामुळे हा मार्ग इथेच ठेवते. दिशा मात्र कळली, पॅराफिनमध्ये काहीतरी मऊ वनस्पती मेण हवं, आणि ते म्हणजे सोया, सोयाबीनच्या तेलाचं मेण. मागवलं.

१७ ऑक्टोबर

सोया आलं, पांढऱ्या पापुद्र्यांच्या रूपात, ५० डिग्रीच्या आतच वितळतं. नुसत्या सोयाची एक बरणी केली. काचेला छान चिकटतं, खड्डा जवळजवळ पडत नाही. दोन गोष्टी दिसल्या. वर पांढरे दवासारखे डाग, हे सोयाचे स्फटिक, जळण्यात काही फरक पडत नाही. आणि दुपारी खिडकीत राहिलेल्या बरणीवर तेलाचे बारीक थेंब, ऑक्टोबरचं ऊन आहे, दिवस-रात्रीचा फरक मोठा. सुगंधी बरण्या कपाटात, अंधारात. उन्हात लावलेल्या गाडीत तर कुठलीच मेणबत्ती ठेवू नये, बंद गाडी ५० च्या पुढे सहज जाते.

सोयाला वास मुरायला वेळ लागतो, एक-दोन आठवडे झाकण लावून ठेवायची. पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

रात्रभर गावात नरकासुराचे पुतळे, पहाटे अभ्यंगस्नान, फोव (पोहे). मेणाच्या पणत्या सोप्यावर आणि तुळशीपाशी लावल्या, तेलाच्या देवघरात. एकाही पणतीखाली डाग नाही.

२६ ऑक्टोबर

आंटीच्या मेणबत्त्या. ती २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाते, कबरी आधी साफ करतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात, पाद्री येऊन आशीर्वाद देतात. तिचं एकच मागणं, "थंय वारो खूब आसता." दर वर्षी लावलेल्या मेणबत्त्या पाच मिनिटांत विझतात आणि ती पुन्हा पुन्हा काडी ओढत बसते.

म्हणून उंच, अरुंद जाड काचेच्या बरण्या घेतल्या आणि अर्ध्यापेक्षा किंचितच जास्त भरल्या, वर ५ सेंटिमीटर काच मोकळी, ज्योत तिच्या आडोशाला. याहून खोल करून बघितलं तर ज्योत गुदमरते, खालून गरम हवा वर जाते तशी ताजी हवा आत यायला जागा लागते. मेण ५८-६० चं पॅराफिनच, बिनवासाचं, कारण उघड्यावर ऊन असतं. पंखा पूर्ण वेगाने लावून समोर जाळून घेतल्या.

२ नोव्हेंबर

आंटीबरोबर गेले. उथळ मेणबत्त्या आजूबाजूला विझत होत्या, बरण्यांमधल्या आम्ही निघेपर्यंत चालू होत्या. एका बरणीच्या एका बाजूला थोडी काजळी, वारा एकाच दिशेने येत होता तिथे. आंटीने दोन बरण्या शेजारच्या कबरीवर ठेवल्या जिथे कुणी आलं नव्हतं, आणि पुढच्या वर्षीसाठी आत्ताच सांगून ठेवलंय.

१५ नोव्हेंबर

जारची कृती आता पक्की. ७ सेंटिमीटर रुंद बरणीला सोया ८८ ग्रॅम, पॅराफिन ५८ ग्रॅम, गवती चहाचं तेल ९ ग्रॅम, मध्यम वात. आधी पॅराफिन वितळवायचं मग सोया, ८० पर्यंत न्यायचं, ७२-७३ ला तेल, दोन मिनिटं ढवळून ६५ ला कोमट बरणीत. खड्डा अगदी किरकोळ, थोडं राखून ठेवलेलं मेण पुरतं.

टेस्ट बर्न: ३ तास जाळून आधी आणि नंतर वजन केलं, १४ ग्रॅम गेलं, म्हणजे तासाला पावणेपाचच्या आसपास. तळाचं एक सेंटिमीटर जाळायचं नाही, तिथे ज्योत काचेच्या बुडाला टेकते. ते ३४ ग्रॅम सोडले तर साधारण २५ तास चालेल. भेट देताना चिठ्ठीवर हेच लिहायचं, आणि सोबत वात कापायचं, पडद्यापासून लांब ठेवायचं, खोलीत कुणी नसताना जळती न ठेवायचं.

भाचीने वहीत तक्ता आखलाय: तारीख, मेण, वात, ओतायचं तापमान, किती तासांत कडेपर्यंत, काच किती गरम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे तिने मोठ्या अक्षरात वर लिहिलंय, मी सांगितलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर

जुन्या गोव्यात आजपासून सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताचे नवेने (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू, फेस्त ३ डिसेंबरला. तिथल्या फेरीत (जत्रेच्या बाजारात) मेणाचे हात, पाय, डोळे, लहान मुलांच्या आकृत्या मांडलेल्या असतात. ज्याचं जे दुखतं त्याचा मेणाचा अवयव घेऊन नवस फेडतात. आमच्या म्हापशात मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्तालाही हेच दिसतं आणि तिथे आपली हिंदू माणसंही तेवढ्याच भक्तीने जातात. लहानपणापासून बघत आले, पण यंदा ते हातात घेऊन मेण किती कडक आहे, शिवण साच्यात कुठे आली आहे, बोटांची टोकं कशी सुटली असतील हे बघायचंय. साच्यातलं काम म्हणजे वेगळंच, तिथे मेण आकसतं हा गुण कामाला येतो, त्यामुळेच ते साच्यातून सुटतं.

नाताळाच्या बरण्या आज ओतल्या, कारण सोयाला मुरायला दोन आठवडे द्यायचेत. तारीख आणि मिश्रण प्रत्येकीच्या बुडावर मार्करने. सुक्या काड्या, झाकण, फडकं कपाटात वरच्या फळीवर. सत्तरी तालुक्यातल्या एका ओळखीच्या मधवाल्याकडे मधमाश्यांचं मेण सांगून ठेवलंय, ते ६२-६४ डिग्रीला वितळतं, त्याला पुन्हा जाडसर वात लागेल, म्हणून जाड वातीचं बंडल संपवू नको असं भाचीला बजावलंय.